खळ दिलेली पिशवी

धर्मराज मधाळे चिडका होता, हे आधीच सांगून टाकतो. माणूस गेला की लोक त्याला देव्हाऱ्यात बसवतात. मला ते जमायचं नाही. विमानात पाय ठेवण्याआधी तो त्याच्याभोवती तीनदा फिरायचा, जिथं तिथं हात लावून बघायचा, आणि मध्ये कुणी बोललं की अंगावर यायचा. क्लबात त्याला सगळे शंकासुर म्हणत. नाव मीच ठेवलं होतं.

त्याची आई पारूबाई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबली. तिच्या मजुरीवर आणि शिष्यवृत्तीवर तो शिकला, हवाई दलात यंत्रांचं काम केलं, पुढं विमान चालवायचा परवाना काढला आणि अठ्ठ्याहत्तर साली बेळगावातल्या एका लहानशा खासगी फ्लाइंग क्लबात वैमानिक म्हणून आला. मी मष्णू, खासबागच्या विणकराचा मुलगा. मी तिथं जमिनीवरची कामं बघायचो. पेट्रोल भरायचं, धावपट्टीवरची म्हसरं हाकलायची आणि वाऱ्याची पिशवी सांभाळायची. काठीच्या टोकाला बांधलेली ही कापडी पिशवी वारा नसला की लोंबते, वाढला की ताठ होते. छत्रीनं उडी मारणाऱ्याचा जीव त्या पिशवीवर असतो, कारण वारा जास्त असला की छत्री माणसाला कुठंही नेऊन आपटते.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात संकेश्वरचे गुळाचे व्यापारी अप्पासाहेब यांचं नवं थेटर उभं राहिलं. उद्घाटनाला आभाळातून माणसं उतरवायची त्यांना हौस. उड्या मारणारे तिघं पुण्याहून आले. बक्षी नावाचा त्यांचा म्होरक्या. विमान आमचं, चालवणार धर्मराज. मी वायरलेसचा डबा आणि पिशवी घेऊन संकेश्वरच्या मैदानावर थांबायचं, असं ठरलं.

इथं मी अक्कल पाजळली. पिशवी मळलेली होती आणि हजारो माणसांपुढं फडकणार होती. आमच्या घरची रीत अशी की खळ दिल्याशिवाय कापड उंबऱ्याबाहेर जात नाही. आई, बायाक्का, मागावरच्या ताण्याच्या सुतासाठी खळ शिजवतच होती. मी पिशवी धुतली, खळीत बुडवली आणि उन्हात वाळवली. इतकी कडक झाली की जमिनीवर आपली आपण उभी राहिली. आई म्हणाली, "लई देखणी दिसतीया रं." मलाही तसंच वाटलं.

निघताना धर्मराजनं ती जीपमध्ये पाहिली. "नवी हाय व्हय?"

"धुतलीया," मी म्हणालो. तो घाईत होता, इंजिनाकडं गेला.

मैदानावर पिशवी काठीला चढवली तर झाडाचं पान हलत नव्हतं आणि ही निम्मी ताठ. तेव्हाच मला घाम फुटायला हवा होता. मला हसू आलं. दिसेल त्यातलं निम्मं खळीचं धरायचं, असं मनाशी ठरवून मी मोकळा झालो.

दुपारी चारला मैदान माणसांनी फुललं. मी अप्पासाहेबांच्या शेजारी, कनातीच्या आडोशाला डबा घेऊन बसलो होतो. डोक्यावर ऊन होतं, हुक्केरीच्या अंगाला मात्र आभाळ काळवंडलं होतं. विमानाची घरघर आली तशी माणसं उभी राहिली. डबा खरखरला.

"मष्णू, पिशवी कशी हाय?"

मी वर बघितलं. पिशवी पूर्ण ताठ होती आणि टोकाशी थरथरत होती. खळ, मी मनात म्हणालो. अप्पासाहेबांनी माझा खांदा दाबला. "सोडा म्हन की त्यास्नी. लोक खोळंबल्यात."

"वारं न्हाय," मी डब्यात बोललो.

"वारं इचारलं न्हाय मी. पिशवी कशी हाय?"

 मग निम्मं खळीसाठी वजा केलं, उरलेलं अप्पासाहेबांसाठी. "लोंबतीया," मी म्हणालो.

वर काय झालं ते बक्षीनं मागाहून सांगितलं. विमानाचं दार काढलेलं होतं. बक्षी पाय बाहेर सोडून बसला होता, मागं दोघं तयार. धर्मराज खाली बघत होता. हिरण्यकेशी नदीच्या अलीकडच्या गुऱ्हाळांचा धूर जरासा कलून वर जात होता. पलीकडच्यांचा जमिनीला चिकटून मैदानाकडं धावत होता. पारूबाईचं एक बोलणं तो आम्हांला नेहमी ऐकवायचा, "माणूस खोटं बोलंल, धूर न्हाय." बक्षी ओरडला, खालून हो म्हणालेत, आता काय अडलंय? धर्मराज म्हणाला, "खालचा माणूस विमान चालवत नाही. पाय आत घ्या." आणि त्यानं विमान वळवलं.

खाली शिट्ट्या सुरू झाल्या. अप्पासाहेबांनी धर्मराजच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आणि मी, ज्याच्याबरोबर सहा वर्षं एका डब्यातली भाकरी खाल्ली त्या माणसाला, "भित्रा हैस तू!" असं वायरलेसच्या डब्यात ओरडलो. 

तीन मिनिटंही झाली नसतील. नदीकडून धुळीची भिंत उठली आणि कनात माझ्या डोक्यावरून उडून गेली. बांबू मोडले, थेटराचे दोन पत्रे भिरभिरत मैदानापलीकडं विजेच्या तारांवर जाऊन पडले आणि तिथं निळा जाळ उठला. उडी झाली असती तर ते तिघं त्या घटकेला आभाळात असते आणि वारा त्यांना तिकडंच घेऊन गेला असता. मी जमिनीवर पालथा पडून रडत होतो. शेजारी काठीसकट मोडून पडलेली पिशवी तशीच ताठ होती.

विमान बेळगावला, सांबऱ्याच्या धावपट्टीवर सुखरूप उतरलं. अप्पासाहेबांनी तरीही तक्रार केली, की वादळाच्या आधीच यायला हवं होतं, वैमानिकानं उशीर केला. क्लबात चौकशी बसली. सेक्रेटरीनं पिशवी टेबलावर ठेवली, बोटानं वाजवून बघितली आणि विचारलं, "हिला खळ कुणी दिली?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण धर्मराज आधी बोलला.

"पिशवी तपासायचं काम वैमानिकाचं. सकाळी माझ्यासमोर होती. मी हात लावला नाही. चूक माझी."

त्याला तीन महिने जमिनीवर बसवलं. मी उघडलेलं तोंड मिटलं. माझी नोकरी, म्हातारी आई, थकलेला बाप, सगळी कारणं मला तोंडपाठ आहेत आणि एकही कामाचं नाही. तिघांचा जीव माझ्या एका शब्दावर होता आणि तो शब्द खोटा होता, हे मी तिथं म्हणायला हवं होतं. आज लिहितो आहे, तेव्हा ऐकायला तोच नाही.

तीन महिन्यांनी तो परत आला. मला वाटलं, आता हा माझ्याशी बोलायचा नाही. तो सरळ काठीपाशी गेला, पिशवी खाली घ्यायला लावली आणि मुठीत धरून चुरगळली. पुढं क्लब बंद होईपर्यंत प्रत्येक उड्डाणाआधी त्यानं हेच केलं. मी समोर उभा असायचो. खळीचं नाव त्यानं कधी काढलं नाही. मूठ उघडायचा, माझ्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "मऊ हाय. चढीव."