आधाराविना चालते

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. विषय जवळ आला की उठून पाणी प्यायला जायचो. आता सत्तरी उलटली, आणि जिला आधी सांगायला हवं होतं ती राहिली नाही. म्हणून लिहितो.

"काठी बाजूला ठेव आणि चालून दाखव."

साहेब माझ्या ताईला म्हणाले. सीताबर्डीजवळच्या एका हॉलमध्ये अपंगांच्या पेन्शनची तपासणी होती. टेबलावर ताईचा दाखला होता, सरकारी डॉक्टरच्या सहीशिक्क्याचा. लहानपणी पोलिओ, उजवा पाय निकामी. पण साहेबांचा दाखल्यांवर विश्वास नव्हता. ते प्रत्येकाला दारापासून टेबलापर्यंत चालायला लावायचे. मग तोंडी शेरा सांगायचे. शेजारचा कारकून लिहून घ्यायचा.

तो कारकून मी होतो.

आमचं घर उमरेडचं, विणकरांचं. मागावर बसायला दोन्ही पाय लागतात, खाली पावड्या दाबाव्या लागतात. ताईला ते जमणारं नव्हतं. ती भिंतीला टेकून दिवसभर चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. चौथीपर्यंत शिकली होती. मला समोर बसवून पाटीवर गिरवून घ्यायची. "रेघ सरळ वढ गा, लहान्या." तिच्या कांड्यांवर मी मॅट्रिक झालो. नोकरी लागली, नागपुरात खोली केली. आणि ऑफिसात सांगितलं, वडिलांचं कापडाचं दुकान आहे.

ताईचं नाव मी सकाळीच यादीत पाहिलं होतं. आमचं आडनाव उमरेडात घराघरात आहे, कुणाला संशय येणार नव्हता. साहेबांना सांगता आलं असतं, ही माझी बहीण, हा कागद दुसऱ्याकडे द्या. नियमही तोच होता. मी यादी तशीच टेबलावर ठेवली.

ती दारात आली. मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. आपला माणूस आहे म्हणून. मी मान खाली घातली आणि विचारलं, "नाव?"

ताई थांबली. मग नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. माझ्या बापाचं.

काठी भिंतीला लावून ती निघाली. उजवा तळहात मांडीवर दाबायचा, पाय पुढे ढकलायचा, मग अंग टाकायचं. दर पावलाला. तो हात सुटला की ती पडते. हे त्या हॉलमध्ये एकट्या मला माहीत होतं. लहानपणी मीच तिला कितीदा उचललं होतं.

"लुगडं वर घे जरा. पाय दिसू दे."

तिनं घेतलं. मागून कुणीतरी ओरडलं, "लंगडी खेळून राहिली का वं?" हॉल हसला. साहेब हसले. मीही हसल्यासारखे ओठ हलवले. कुणाला वेगळं वाटू नये एवढेच.

"पुन्हा."

ती पुन्हा दारापर्यंत गेली आणि परत आली. कपाळावर घाम.

"चालते की चांगली! लिहा. आधाराविना चालते. अपात्र."

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात.

जाताना ताई माझ्यापाशी थांबली. "पानी भेटन का जी, साहेब?"

मला म्हणाली. जी. साहेब. मी दारातल्या माठाकडे बोट दाखवलं.

घरी तिनं यातलं काही सांगितलं नाही. दिवाळीला गेलो तर पहिलं ताट मलाच वाढलं. मी जेवलो.

पुढे मी निवृत्त झालो. आई गेली. ताईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, कांड्या सुटल्या. तेव्हा कुठे मी नवा अर्ज घेऊन उमरेडला गेलो. अपंग हा शब्द जाऊन दिव्यांग आला होता. अर्जात एक रकाना होता: आधीचा अर्ज नामंजूर झाला असल्यास कारण.

ताईनं पेटी ओढली. तळातून घडी घातलेला कागद काढला. "याच्यात हाय कारण. वाच."

त्या शेऱ्याची प्रत. इतकी वर्षं जपलेली.

"अक्षर चांगलं हाय," ती म्हणाली. "म्याच गिरवून घेतलं होतं."

"ताई..." मी म्हणालो. पुढचं आलं नाही. ती वाट पाहून राहिली होती. मला दिसत होतं. मग म्हणाली, "चहा ठेवतो," आणि मांडीवर हात दाबून उठली.

पेन्शन मंजूर झाली. ताईला ती जेमतेम तीन वर्षं मिळाली. गेल्या हिवाळ्यात ती गेली.

मीही पेन्शनर आहे. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देतो. मी जिवंत आहे, हे सांगायला माझी सही पुरते. मला कधी कुणी चालून दाखवायला सांगितलं नाही.

यंदा गल्लीतल्या एका मुलीसोबत तपासणीला गेलो. तिचाही एक पाय निकामी. टेबलामागचा माणूस म्हणाला, "कुबडी बाजूला ठेवा, उभं राहून दाखवा." मुलगी कुबडी ठेवायला वाकली.

"ठेवू नको," मी म्हणालो.

"आजोबा, तुम्ही मधात काहून बोलून राहिले?"

"दाखला आहे ना समोर? तो वाचा. उभीच करायची तर कुबडीसकट करा, आणि शेऱ्यात कुबडी लिहा. मी वाचल्याशिवाय इथून हलणार नाही."

"तुम्ही कोण हिचे?"

"कुणी नाही. मी पहिले असा खोटा शेरा लिहिलेला आहे."

मग त्यानं दाखला उचलला.

आता दर तपासणीला जातो. दारातच बसतो. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, काठी सोडू नका. शेरा समोर लिहून घ्या, वाचून घ्या, प्रत मागा. मला तिथून हाकलून पाहिलं. मी उठत नाही. जोवर बसता येईल तोवर बसणार.

पण यानं त्याची भरपाई होत नाही. त्या दिवशी पेटीपाशी जे म्हणायचं होतं ते हे:

ताई, तुझा हात मांडीवर होता. मी पाहिला होता. तरी लिहिलं. मला माफ कर.