रोज एक शब्द, दहा वाक्यं

माझ्या मावससासूबाईंनी इंग्रजी भाषेचा जेवढा मान राखला, तेवढा खुद्द इंग्रजांनीही कधी राखला नसेल. इंग्रज माणूस बोलताना शब्द कसेही उधळतो, अर्धं वाक्य ओठांनी म्हणतो आणि उरलेलं खांदे उडवून भागवतो. मावशींचं तसं नाही. नवऱ्याची मावशी, म्हणून मीही त्यांना मावशीच म्हणते. त्या दिवसाला एकच शब्द घेतात, तोही नामच, आणि त्याची दहा शुद्ध वाक्यं एखाद्या जिवंत इंग्रजाला ऐकवल्याशिवाय संध्याकाळी पानावर बसत नाहीत. क्रियापदांवर त्यांचा फारसा विश्वास नाही. "ती काय, येतात मागून आपोआप," असं म्हणतात. "वस्तूचं नाव ठाऊक असलं की माणसाचं अडत नाही."

हे सगळं वयाच्या बहात्तराव्या वर्षी, आणि कॉव्हेंट्रीत चव्वेचाळीस वर्षं काढल्यावर. इतकी वर्षं काय केलं, असं कुणी विचारलं तर त्या शांतपणे सांगतात, "मी ह्यांना स्वयंपाकात पडू दिलं नाही आणि ह्यांनी मला इंग्रजीत." काकांना बोलण्याची भारी हौस. पोस्टमन असो, कौन्सिलचा माणूस असो की डॉक्टर, काका बोलायचे आणि मावशी त्यांच्या मागे उभ्या राहून हसायच्या. डॉक्टर मावशींना विचारायचा, कुठे दुखतंय, आणि काका सांगायचे, गुडघा. एकदा तर दुखत होता खांदा, पण काकांनी इतकं रंगवून गुडघ्याचं सांगितलं की मावशींना मध्ये बोलवेना. त्या गुडघ्याचा फोटो काढून घरी आल्या.

दीड वर्षापूर्वी काका गेले आणि त्या घरातलं इंग्रजी एका दिवसात संपलं. फोन वाजला की मावशी त्याच्याकडे बघत बसायच्या. दारावर कुणी आलं की पडद्याआड. मी दोनच रस्ते सोडून राहते, पण दिवसभर फार्मसीत असते. मी तरी किती धावणार? त्यांचा मुलगा समीर राहतो दोन तासांवर, ईलिंगला. जन्म इथलाच, आईवर जीव, आणि मराठीत सगळं जग पुल्लिंगी. "आई, तू एकटा कसा मॅनेज करणार?" तो दर रविवारी विचारायचा. "हाऊस विकू. माझ्या जवळ छोटा फ्लॅट बघितला आहे." मावशींना फ्लॅट नको होता. त्यांना हे घर हवं होतं, मागच्या अंगणातल्या काकांनी लावलेल्या सफरचंदाच्या झाडासकट. शेवटी समीरनं जानेवारीपर्यंत मुदत दिली. तोवर घरातली एक तरी अडचण त्यांनी कुणाच्या मदतीशिवाय निस्तरायची, मला नाही आणि त्यालाही नाही विचारायचं. जमलं तर घर राहील. मला त्याचा रागच आला होता, पण त्याचं अगदीच चुकत होतं असंही म्हणवेना.

दुसऱ्याच दिवशी मावशींनी दोनशेपानी वही आणली. सकाळी चहाच्या वेळी मला त्यांचा फोन. "आजचा शब्द बिन, म्हणजे कचऱ्याचा डबा. वाक्यं वाचते. शुद्ध आहेत का तेवढंच सांग, चांगली आहेत का ते माझं मी बघेन." मग ती वाक्यं घेऊन बाई बाहेर पडायच्या. नियम कडक. ऐकणाऱ्यानं "सॉरी?" म्हटलं की वाक्य बाद. त्यानं काहीतरी उत्तर द्यायला हवं, तरच वहीत बरोबरची खूण. शेजारच्या म्हाताऱ्या साहेबाला त्या कुंपणावरून म्हणाल्या, "युअर बिन इज मोअर ब्यूटिफुल दॅन माय बिन." तो बिचारा इतका हरखला की तेव्हापासून दर आठवड्याला बिन धुऊन पुसून ठेवतो. 'क्यू' हा शब्द होता त्या दिवशी काही काम नसताना पोस्टात रांगेत उभ्या राहिल्या आणि पुढच्या बाईंना म्हणाल्या, "धिस इज अ व्हेरी गुड क्यू." "इट इज, इझन्ट इट?" असं म्हणून ती बाई वळली आणि आपल्या बहिणीच्या ऑपरेशनपर्यंत सगळं सांगून मोकळी झाली. 'डेंटिस्ट'ला मात्र दहा वाक्यांची गरजच पडली नाही. बसमध्ये त्यांनी पहिलंच म्हटलं, "आय हॅव नो डेंटिस्ट. हॅव यू अ डेंटिस्ट?" आणि अख्खी बस आपापल्या दातांचं दुःख सांगायला लागली. मावशी टाउन सेंटरला उतरल्या तरी चर्चा चालूच होती. 'वेदर' त्यांनी घेतला नाही. "त्यावर काहीही बोललं तरी लोक हो म्हणतात. त्यात परीक्षा कसली?"

मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची. बिनवर दहा वाक्यं येणं वेगळं आणि खरी अडचण आल्यावर परक्या माणसाशी फोनवर बोलणं वेगळं.

जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारी समीर फ्लॅटची माहितीपत्रकं घेऊनच आला. मलाही बोलावलं होतं. दार उघडलं तर मावशी दोन स्वेटर आणि वर शाल घालून उभ्या. घर गरम ठेवणारा बॉयलर पहाटेच बंद पडला होता. समीरनं लगेच खिशातून फोन काढला. मावशींनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"थांब. बॉयलर माझा झालेला आहे. ऑक्टोबरात."

त्यांनी वहीतलं पान काढलं, चष्मा पुसला, बॉयलर दुरुस्तीवाल्यांचा नंबर फिरवला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. पलीकडून एका मुलीनं विचारलं, काय मदत करू. मावशींनी खाकरून सुरुवात केली. "आय हॅव अ बॉयलर. माय बॉयलर इज इन द किचन. माय बॉयलर इज व्हाइट. माय बॉयलर इज ट्वेल्व्ह इयर्स ओल्ड." मुलगी "ओके, सो..." म्हणाली, तर मावशी म्हणाल्या, "वन मिनिट. सिक्स मोअर सेंटेन्सेस." समीरनं डोळे मिटून घेतले. मी शालीचं टोक मुठीत धरलं होतं, तेही त्यांच्या शालीचं. "सिन्स सप्टेंबर माय बॉयलर क्राइज लाइक अ कॅट," इथवर त्या आल्या आणि पलीकडे टाइप केल्याचा आवाज यायला लागला. दहावं वाक्य संपलं. मग मुलीनं विचारलं, समोरचा लाल दिवा लुकलुकतोय का?

हे वहीत नव्हतं. मावशींनी पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. समीरचं तोंड उघडलं, मी त्याचा पाय दाबला. आणि मग मावशी म्हणाल्या, "वेट, प्लीज. आय विल गो अँड सी."

त्या स्वयंपाकघरात गेल्या, वाकून पाहिलं, परत आल्या. "येस. रेड. इट इज ब्लिंकिंग." वही मिटलेली होती. पलीकडची मुलगी म्हणाली, पंप गेला असणार, मांजरावरून तेच वाटतंय, दोन वाजता माणूस येईल. आणि इतकं नीट मला कुणी कधी सांगत नाही, माय लव्ह. फोन ठेवला आणि मी चक्क रडले.

समीरनं माहितीपत्रकं गुपचूप बॅगेत घातली. "आई, तू मस्त बोलला," तो म्हणाला.

"बोललीस. माझं इंग्रजी होऊ दे, मग तुझ्या मराठीकडे बघते."

दोनाच्या ठोक्याला माणूस आला, तीनपर्यंत रेडिएटर तापले, मावशींनी शाल काढली. त्या समीरसाठी पोहे करायला गेल्या आणि मी ती वही सहज चाळली. 'केटल', 'की', 'कर्टन', 'नेबर', सगळीकडे खुणाच खुणा. मध्येच एक पान. वर सुबक अक्षरात 'हजबंड' लिहिलेलं, खाली एक ते दहा आकडे, आणि पुढे सगळं कोरं.

मी वही घेऊन आत गेले. "मावशी, हा शब्द राहिला का?"

त्यांनी पानाकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला. "राहिला नाही गं, सोडला," त्या म्हणाल्या. "त्यांच्याबद्दल बाहेरच्यांना काय सांगायचं? आणि त्यांच्याशी तर मी अजून मराठीतच बोलते."