डिंकोबाची सर्दी

बाइंडरबाईंना उत्साहाचा आजारच होता म्हणा ना! साठी ओलांडली, तरी डोक्यात काही आलं की ते आत्ताच्या आत्ता झालंच पाहिजे. गेली पस्तीस वर्षं त्या घराच्या पुढच्या खोलीत फाटक्या पुस्तकांना शिवून, खळ लावून, नवे पुठ्ठे चढवत होत्या. जोडीला होता एक पिवळाधमक बोका. सदा बाईंना चिकटलेला, म्हणून त्याचं नाव डिंक.

एका सकाळी डिंक शिंकायला लागला. एक, दोन, सात! नाकही वाहायला लागलं. बाईंनी हातातली सुई तशीच ठेवली.

"अहो, सापडला उपाय!" त्या मोबाईल नाचवत नवऱ्याकडे गेल्या. "निलगिरीचं तेल! आपल्याला सर्दी झाली की आपण लावतोच की."

"अगं, आधी डॉक्टरांना विचार तरी."

"नैसर्गिक आहे हो ते!"

"धोतराही नैसर्गिकच असतो," नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

पण ऐकतील त्या बाई कसल्या! त्यांनी डिंकच्या छातीला तेल चोळलं, गरम पाण्याच्या पातेल्यात आणखी दहा थेंब टाकले आणि खिडक्या लावून घेतल्या. खोली अशी घमघमली की त्यांच्याच डोळ्यांना पाणी आलं. "बघा, कसा अंग चाटतोय! आवडलंय त्याला," त्या खुशीत म्हणाल्या.

अर्ध्या तासात डिंकच्या तोंडातून लाळेची धार लागली. तो उठला आणि मागचे पाय लटपटून कागदांच्या गठ्ठ्यावर कोसळला. बाईंनी तडक जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"तेल लावलंत? खिडक्या उघडा आधी! भांडी घासायचं लिक्विड घ्या, कोमट पाण्यानं त्याला धुवा, कोरडा करा, उबेत गुंडाळा. ओकारी काढायला जाऊ नका. तेलाची बाटली घेऊन लगेच निघा!"

मग काय विचारता! नवऱ्यानं पेपर भिरकावला आणि धाडधाड खिडक्या उघडल्या. बाईंनी बोक्याला टबात धरलं. एरवी पाण्याचा थेंब उडाला तरी घर डोक्यावर घेणारा डिंक गप्प होता, याचीच त्यांना जास्त भीती वाटली. टॉवेलात गुंडाळून त्यांनी त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं, खोकं छातीशी धरलं आणि चपला न घालताच धावत सुटल्या. मागून नवरा बाटली घेऊन, "अगं, थांब, सिग्नल लाल आहे!"

डॉक्टरीणबाईंनी बाटली बघितली, डिंकला आत नेलं, सलाइन लावलं. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "मांजरांना ही तेलं पचत नाहीत. कातडीतून शरीरात जातात, चाटलं की पोटात जातात, वाफेतून फुप्फुसात. वेळेवर आणलंत. आता वाट बघू."

"मीच केलं हो हे," बाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि पाणी दिलं.

दोन दिवस बाईंनी एक पान शिवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"अहो बाई, तुमच्या चिरंजीवांनी आमच्या नर्सच्या डब्यातला मासा पळवलाय! कपाटावर बसून खातोय. या आणि घेऊन जा त्याला!"

बाईंनी अशी किंकाळी फोडली की शेजारीण लाटणं घेऊन धावत आली. "मासा खाल्ला! माझ्या डिंकोबानं मासा खाल्ला!" बाईंनी तिला मिठीच मारली. बिचारीला काही कळेना, पण तीही हसायला लागली.

सर्दीवर डॉक्टरीणबाईंनी साधं औषध दिलं आणि आठवड्यात शिंका थांबल्या. बाई मात्र थांबल्या नाहीत. गिऱ्हाईक वहीच्या शिलाईचं विचारायला आलं, तरी पहिला प्रश्न ठरलेला: "घरात मांजर आहे का तुमच्या? बसा, एक सांगते!"