उशाशी ठेवलेला कांदा

दुपारी शेजारच्या सुमनताईंना बघायला गेले. चार दिवस ताप उतरत नव्हता. पडदे ओढलेले होते आणि उशाशी बशीत अर्धा चिरलेला कांदा होता, कडेनं काळा पडलेला. उघडा राहिलेला डोळा असावा तसा तो माझ्याकडे बघत होता.

"गोळ्या घेताय ना?"

"सोडल्या. कांदा जंतू ओढून घेतोय. बघा की, किती काळा पडलाय!"

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. सोसायटीच्या ग्रुपवर कांद्याचा हा मेसेज आला, तेव्हा मीच लिहिलं होतं की कांदा जंतू ओढत नाही, चिरून ठेवला की हवेनं सुकतो आणि काळा पडतो. दोन-चार अंगठे आले. मी निर्धास्त झाले. खोटं खोडून काढलं की मेलं, असं आपल्याला वाटतं. ते कुठेतरी अंधारात बसून आपलेच शब्द खातं आणि अंग धरतं.

सुमनताईंनी फोन पुढे केला. तोच मेसेज होता, आता लांबलचक झालेला. 'चिरून ठेवला की काळा पडतो' हे माझे शब्द त्यात पुरावा म्हणून बसले होते. खाली माझं नाव होतं, निवृत्त विज्ञान शिक्षिका.

"तुमचं नाव बघूनच गोळ्या सोडल्या, बाई," सुमनताई म्हणाल्या.