मोठ्या डॉक्टरांचा केसपेपर

चिमटी हे नाव आत्याने ठेवलेलं, आणि उगीच नव्हे. कुणी जरा फुशारकी मारू लागलं की हिने हळूच चिमटा काढलाच म्हणून समजा. पुढे ती मनोविकारांची डॉक्टर झाली, तरी खोड गेली नाही. "पेशंटना तरी सोड गं बाई," आत्या म्हणायची. पेशंटना ती सोडायचीच. तिचा डोळा असायचा पांढऱ्या कोटांवर.

इस्पितळात तिला एक काम मिळालं. व्यक्तिमत्त्वाचा विकार असलेल्या रुग्णांचे जुने केसपेपर वाचायचे आणि कुणाचा विकार सौम्य, कुणाचा मध्यम, कुणाचा तीव्र ते ठरवायचं. रुग्णाला भेटायचं नाही. रोजच्या तपासणीत डॉक्टर-नर्सनी जे खरडलं असेल त्यावरूनच ओळखायचं: माणसं तुटली का, नोकरी टिकली का, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा केली का. नावं झाकलेली. तेच कागद मोठे डॉक्टरही वेगळे वाचणार, मग दोघांचे शेरे जुळतात का बघायचं.

कसले जुळतायत! मोठे डॉक्टर सरसकट 'तीव्र' ठोकायचे. कपडे शिवणाऱ्या एका बाईंवरून तर जुंपलीच.

"आरडाओरडा करते, गोळ्या फेकते, तपासणी अर्धी टाकून निघून जाते," मोठे डॉक्टर म्हणाले. "आणखी काय हवं?"

"सर, हे सगळं एकाच डॉक्टरने लिहिलंय. त्याच महिन्यात नर्सने लिहिलंय, नीट बोलली, पुन्हा येते म्हणाली."

"कागद खोटं बोलत नसतो. पुढचा घे."

चिमटीच्या बोटांना खाज सुटली. त्यांचा एक सरावाचा गठ्ठा होता, निकालात न धरायचा. त्यात तिने स्वतः लिहिलेला एक कागद सरकवला. रुग्ण पुरुष, उतारवयाचा. हाताखालची माणसं टिकत नाहीत. मनाविरुद्ध झालं की फाइल आपटतो. बैठक अर्धवट सोडून जातो. सख्ख्या भावाशी बोलणं बंद, कारण कॅरमचा डाव.

कागद परत आला तो 'तीव्र' असा शेरा घेऊन. खाली ठसठशीत अक्षरात: "स्वतःची चूक दिसतच नाही. घरच्यांनी जपून राहावं." चिमटी हसून हसून बेजार झाली. मग साहेबांना कळलं तर काय, हे सुचलं. गप्प बसायचं, तिने ठरवलं.

पण मोठ्या डॉक्टरांना तो कागद भलताच आवडला होता. बैठकीत सगळ्यांपुढे त्यांनी तो मोठ्याने वाचायला घेतला. फाइल आपटण्यापाशी लोक चहाच्या कपात बघू लागले. कॅरमपाशी सिस्टरना ठसका लागला. भावाची ती गोष्ट साहेबांनीच चहावर सगळ्यांना कितीदा ऐकवलेली! साहेब थांबले.

"कुणी लिहिलं हे?"

"मी, सर."

"अर्धवट लिहिलंस! त्याने माझी सोंगटी बोटाने सरकवली होती, ते कुठाय?"

"लिहिणाऱ्याने विचारलंच नव्हतं, सर," चिमटी म्हणाली, आणि जीभ चावली.

साहेब ताडकन उठले आणि बैठक अर्धवट सोडून गेले. दार लागेपर्यंत सगळ्यांनी हसू कसंबसं दाबलं.

नोकरी गेलीच असं धरून त्या दिवशी चिमटीने टेबल आवरून ठेवलं. पण दोन दिवसांनी साहेबांनी तिला बोलावलं, तेव्हा समोर त्या शिवणकामवाल्या बाई बसलेल्या. बाईंच्या डॉक्टरकरवी निरोप धाडून साहेबांनी स्वतःच तपासायला घेतलं होतं. बाईंचा विकार खोटा नव्हता. मध्येच साहेबांवर त्या अशा कडाडल्या की ते खुर्चीसकट मागे सरकले. पण उठले नाहीत. ऐकत राहिले. तेव्हा कळलं, तो कागद लिहिणारा डॉक्टर बाई बोलत असताना फोनवर बोलायचा, म्हणून गोळ्या उडाल्या होत्या.

शिक्षा म्हणून चिमटीने सगळा गठ्ठा पुन्हा वाचला, या वेळी कुठली नोंद कुणाच्या हातची ते बघत. साहेबांनीही वाचला. अजून भांडणं व्हायची, पण शेरे बरेच जुळू लागले.

बाईंनी एकदा थेट विचारलं, "माझं काय ठरवलंत?"

"मध्यम," साहेब म्हणाले. "उपचार चालू ठेवायचे."

"मध्यम म्हणजे पास ना?"

साहेबांनी चिमटीकडे बघितलं. "पुढच्या आठवड्यात या," चिमटी म्हणाली, "मग सांगते."