उन्हात बघायची पूड
सुनेनं मोरी घासायला ॲसिड ओतलं की त्या वासानं मला साजगावचा कारखाना आठवतो. तिथं आमी भंगारातली लोहचुंबकं ॲसिडात विरघळवून त्यातल्या महागड्या धातूची गुलाबी पूड काढायचो. एकदा नव्या साहेबांनी ट्यूबलाइटखाली ट्रे बघितला आन म्हणाले, “निळी पडलीय, फेकून द्या.” आठवड्याची मेहनत होती ती. मी ट्रे सोडलाच नाय, म्हटलं, “आधी उन्हात बघा, साहेब.” ते हसले, “काका, शाळा किती झाली तुमची?” “दुसरी. पण ही पूड रोज मीच वाळवतो, ट्यूबखाली ती निळीच दिसते.” दाराबाहेर नेताच पूड गुलाबी झाली. साहेबांनी ट्रे तीनदा आतबाहेर केला, मग पूड भरायला डबा मागवला. मी आता घरी बसलोय, पण तिथं पूड अजून उन्हात आणूनच तपासतात.