जपून बोलणारी आई

मी बाई आहे, हे आईला सांगून वर्ष झालं. तेव्हापासून ती माझ्याशी फार जपून बोलते. पूर्वी ‘कधी आलास?’ विचारायची, आता ‘येणं कधी झालं?’ म्हणते. ‘जेवलास’ आणि ‘जेवलीस’ यांच्या मधून वाट काढत ‘जेवण झालं का?’ असं विचारते. फोन ठेवला की मी घरभर फिरत राहते. हा मान आहे की नकार, काही केल्या कळत नाही.

परवा गावी गेले होते. निळा पंजाबी ड्रेस घालून आईबरोबर मंडईत उभी होते. भाजीवालीने मला न्याहाळत विचारलं, “काकू, ही कोण? पाहुणी का?”

आईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“नाही गं, माझं लेकरू आहे,” ती म्हणाली.

लेकरू! त्यात मुलगा नाही, मुलगीही नाही. मला ‘मुलगी’ ऐकायचं होतं. पण तिने मला पाहुणी होऊ दिलं नाही. बरं वाटावं की वाईट, ठरेचना.

तेवढ्यात मेथीची जुडी उचलून आईने हळूच विचारलं, “तुला मेथी आवडते ना अजून?”

“आवडते गं,” मी म्हणाले.

तिने दोन जुड्या घेतल्या.